शेगडीच्या पाठीमागची तार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे मी मनाशी ठरवीत होते. पण त्याच आठवड्यात अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला, आणि विषय आपल्या पायांनी चालत घरी आला.

भाचीने तिकडे घर घेतले आहे. तिला नवे, एरवी साठ वर्षांचे जुने. स्वयंपाकघरासाठी तिने विजेची शेगडी मागविली. तिकडची शेगडी म्हणजे आपली ओट्यावरची सुटसुटीत शेगडी नव्हे. वर चार चुली, खाली भट्टी, असे ते कपाटाएवढे धूड असते. दुकानाची माणसे ते घेऊन आली, पण त्याला वायरच नव्हती! तिकडे ती वेगळी घ्यावी लागते. वर त्या माणसांनी विचारले, "तीन तारांची लावू की चार तारांची?" भिंतीतल्या सॉकेटला भोके तीन. नव्या घरांतून असतात चार.

"मावशी, तू तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलंस. तीन तारांवर या घरात साठ वर्षं स्वयंपाक झाला, मग चौथी तार हवी कशाला?" तिने विचारले.

मी म्हटले, "आज कुणाला हात लावू देऊ नकोस. उद्या सांगते."

ते 'उद्या' सांगण्यासाठी मी रात्री जे वाचले आणि जे पूर्वीचे आठवले, तेच आज भगिनींपुढे ठेवते. विषय तारांचा आहे म्हणून पान उलटू नये. चुलीपुढे उभे राहायचे ते आपल्यालाच, आणि त्या चौथ्या तारेच्या इतिहासात आपला जीव गुंतलेला आहे.

विजेचा दिवा घरात आला तो एकटा आला. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र 4 सप्टेंबर 1882 रोजी सुरू झाले, ते मुख्यतः दिव्यांसाठी. घरात तारा खेळविल्या त्या दिव्यापुरत्या बारीक. भिंतीत सॉकेट हा प्रकारच रूढ नव्हता. पुढे इस्त्री, पंखा अशी उपकरणे आली, तेव्हा बायका छताखालचा दिवा फिरवून काढीत आणि त्या जागी उपकरणाची वायर फिरवून बसवीत. हार्वे हबेल या अमेरिकन गृहस्थाने सहज काढता-घालता येणाऱ्या प्लगचे पेटंट 1904 साली मिळविले. म्हणजे वीज घरात येऊन बावीस वर्षे लोटली, तेव्हा कुठे प्लग आला.

त्या काळातली एक हकिकत मोठी गोड आहे. कॅलिफोर्नियात ऑंटारिओ नावाचे गाव आहे. तिथल्या वीज कंपनीतल्या अर्ल रिचर्डसन याने विजेची इस्त्री तयार करून गावातल्या गृहिणींना वापरायला दिली. वीजकेंद्र तर दिवेलागणीला सुरू होई आणि इस्त्रीचा दिवस असे मंगळवार. म्हणून मंगळवारी दिवसाही वीज सोडण्याची व्यवस्था त्याने करविली. दिव्यासाठी आलेली वीज कामाला लागली ती अशी, बायकांच्या धुण्याच्या वारामुळे.

पण इस्त्री निराळी आणि चूल निराळी. विजेवर स्वयंपाक करण्याची कल्पना जुनीच आहे. कॅनडातल्या ओटावा शहरी थॉमस अहर्न याने 1892 च्या ऑगस्टमध्ये विंडसर हॉटेलात एक मेजवानी दिली. तिचे सगळे पदार्थ विजेच्या भट्टीत शिजविलेले होते. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात संपूर्ण विजेवर चालणारे स्वयंपाकघर मांडले होते. शिकागोचे हे प्रदर्शन आपल्या ओळखीचे आहे, कारण त्याच्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. विजेची चूल आणि स्वामीजी एकाच वर्षी एकाच शहरी होते, हे माझ्याही पूर्वी ध्यानात आले नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कालगुर्ली म्हणून सोन्याच्या खाणींचे गाव आहे. तिथल्या नगरपालिकेचा विद्युत अभियंता डेव्हिड कर्ल स्मिथ याने 1905 साली विजेच्या चुलीचे पेटंट घेतले. ती वापरायची कशी, हे मात्र त्याच्या पत्नीने शिकविले. नोरा कर्ल स्मिथ यांनी 1907 साली विजेच्या चुलीसाठी पाककृतींचे पुस्तक लिहिले. या प्रकारचे ते जगातले पहिले पुस्तक मानले जाते. चूल फार चालली नाही. पुस्तकाचे नाव मात्र राहिले. यंत्र पुरुषाने करावे आणि ते चालते कसे हे बाईने जगाला सांगावे, असा प्रकार पुढेही पुष्कळदा घडला.

त्या आरंभीच्या चुलींतली तार तापून लवकर जळून जाई. अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू शोधून 1906 साली त्याचे पेटंट मिळविले. तो लालबुंद झाला तरी सहजी जळत नाही. आपल्या जुन्या हीटरमधली वेटोळ्याची तार ती हीच. चुलीचा प्रश्न तिथे सुटला, आणि भिंतीतल्या तारेचा सुरू झाला.

हा प्रश्न थोडक्यात असा. तारेतून वीज वाहिली की तार तापते. वीज दुप्पट झाली तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. पाचपट झाली तर पंचवीसपट. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम 1841 साली मांडला. याच नियमाने चुलीतली तार लाल होऊन भाजी शिजते, आणि याच नियमाने भिंतीतली बारीक तार तापून घर पेटते. निसर्गाला चूल आणि भिंत यांतला भेद कळत नाही. तो आपण करायचा असतो.

भाचीच्या शेगडीच्या चारी चुली आणि भट्टी एकदम पेटविली, तर ती बारा हजार वॅटपर्यंत वीज घेते. साठ वॅटचे दोनशे दिवे एकदम लावावेत तशी. दिव्याच्या तारेला हे ओझे पेलणारे नव्हे. म्हणून शेगडीसाठी मेन स्विचपासून थेट, स्वतंत्र, जाड तार आणावी लागते आणि तिला फ्यूजही स्वतंत्र लागतो. त्या तारेवर दुसरे काही जोडायचे नाही. सासरी थोरल्या सुनेचा ओटा वेगळा असावा तसा तिचा मान.

ही जाड तार शेगडीपर्यंत आणल्यावर जोडायची कशी, याच्या देशोदेशी निरनिराळ्या रीती पडल्या. अमेरिकेत मोठा प्लग आणि मोठे सॉकेट रूढ झाले. इंग्लंडात शेगडी सहसा कायमची जोडतात. भिंतीतल्या पेटीत तारांची टोके स्क्रूखाली घट्ट आवळतात, प्लग नाहीच. जर्मनीतही अशीच कायमची पेटी असते. कायमच्या जोडणीचा गुण असा की ढिल्या प्लगमुळे ठिणगी उडण्याची भीती राहत नाही. तिचा दोष असा की काही झाले तर ओढून काढता येत नाही. म्हणून इंग्रजांनी हाताशी भिंतीवर मोठा स्विच ठेवला. तो बंद केला म्हणजे जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा तुटतात. तवा पेटला, दूध उतू जाऊन आत गेले, तर चुलीवरून हात न नेता वीज तोडता यावी, हा त्यातला हेतू.

आता चौथ्या तारेची गोष्ट. अमेरिकन घरात वीज तीन तारांनी येते. दोन तारा भारलेल्या, मधली परतीची, जिला वायरमन न्यूट्रल म्हणतो. दोन भारलेल्या तारांमध्ये 240 व्होल्ट, आणि त्यांतली कोणतीही एक व न्यूट्रल यांच्यामध्ये 120 व्होल्ट. ही तीन तारांची युक्ती एडिसनने काढली आणि 1883 साली पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावी प्रथम वापरली. इंग्लंडात हॉपकिन्सन यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली होती. उद्देश एकच, तांबे वाचविणे.

शेगडीच्या मोठ्या चुली 240 व्होल्टवर चालतात. भट्टीतला दिवा, घड्याळ, अशा किरकोळ गोष्टी 120 वर. त्यांची वीज न्यूट्रलमधून परत जाते. म्हणजे न्यूट्रल ही रोज वाहणारी, कामाची तार. अर्थची तार हिच्याहून अगदी निराळी. ती शेगडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते आणि एरवी तिच्यातून काहीच वाहत नाही. आतली भारलेली तार सुटून लोखंडाला लागली, तर ती वीज आपल्या अंगातून न जाता त्या तारेने जावी आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी ती वर्षानुवर्षे स्वस्थ बसून असते. दोन भारलेल्या, एक न्यूट्रल आणि एक अर्थ, मिळून चार.

दुसरे महायुद्ध पेटले आणि तांबे तोफगोळ्यांकडे वळले. घरासाठी मिळेना. तेव्हा अमेरिकेत एक सवलत देण्यात आली: शेगडीला अर्थची वेगळी तार नको, शेगडीचे लोखंडी अंग न्यूट्रललाच जोडा आणि तीन तारांत काम भागवा. युद्धकाळापुरती म्हणून आलेली ही तडजोड 1947 च्या राष्ट्रीय विद्युत नियमावलीत दाखल झाली. युद्ध संपले, तांबे मिळू लागले, तरी सवलत राहिली. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई झाला! अखेर 1996 च्या नियमावलीने नव्या जोडण्यांसाठी ती बंद केली. जुन्या मात्र तशाच राहू दिल्या. भाचीच्या भिंतीतली तीन भोके ती हीच.

यात धोका काय? न्यूट्रल धड आहे तोवर काहीच नाही. पण एखाद्या पेटीतला स्क्रू वर्षांनी सैल झाला आणि न्यूट्रल सुटली, तर भट्टीच्या दिव्यातून आलेल्या विजेला परतीची वाट उरत नाही. शेगडीचे सगळे अंग मग 120 व्होल्टला भारले जाते. चुली तशाच पेटतात, कारण त्यांना न्यूट्रल लागत नाही. म्हणून बिघाड कळतही नाही. बाई एका हाताने शेगडीचे दार उघडते आणि दुसऱ्या हाताने नळ धरते, तेव्हा ती स्वतःच चौथी तार होते.

आता याच काळात इंग्लंडात काय झाले ते पाहावे. तिथे 1924 साली स्त्रियांची एक विद्युत संघटना स्थापन झाली होती. तिच्या संचालिका होत्या कॅरोलिन हॅस्लेट. वीज काय आहे, ती कशी वापरावी, फ्यूज कसा बसवावा, हे गृहिणींना शिकविणे हे संघटनेचे काम. गावोगावी शाखा, स्वतःचे नियतकालिक, व्याख्याने आणि प्रात्यक्षिके. ब्रिस्टल शहरी तिने 1935 साली संपूर्ण विजेवर चालणारे घर बांधून दाखविले. प्लग कसा जोडावा हे ज्यावर छापले आहे, असे भांडी पुसायचे फडकेही पुढे तिने काढले. भगिनींनो, फडक्यावर! ज्या बाईला पुस्तक उघडायला वेळ नाही, तिच्या हातात ज्ञान कसे द्यावे, हे त्या बायकांना बरोबर कळले होते.

युद्धानंतरच्या घरांत वीज कशी असावी हे ठरवायला तिथे एक समिती बसली. वीस सभासदांत बाई एकच, कॅरोलिन हॅस्लेट. तांब्याची टंचाई त्यांनाही होती, आणि तांबे वाचविणारी नवी रचना त्यांनीही काढली. पण समितीचा अहवाल 1944 साली आला, त्यात सॉकेटच्या भोकांवर आतून झडप असावी असा आग्रह होता, लहान मुलांनी काडी घालू नये म्हणून. 1947 च्या ब्रिटिश प्रमाणात हे उतरले. प्लगची अर्थची पिन इतर दोहोंपेक्षा लांब. ती आधी आत जाते, झडप उघडते, मग उरलेल्या पिना शिरतात. अर्थ जोडल्यावाचून वीज मिळणेच नाही.

वर्ष दोन्हीकडे 1947, टंचाई दोन्हीकडे तांब्याची. एकीकडे शेगडीची अर्थ गाळण्याची सवलत नियमावलीत बसली, दुसरीकडे अर्थशिवाय प्लग आत जाणार नाही असा नियम झाला. दोन्ही ठिकाणी विद्वान अभियंतेच होते. पण रांगणारे मूल भिंतीपाशी काय करते, हे जिला ठाऊक आहे अशा बाजूने बोलणारी एक बाई एका खोलीत होती, एवढे तरी खरे. अमेरिकेतही बायकांनी थोडे काम केले नाही. 1935 साली तिथल्या दहा शेतघरांपैकी नऊ अंधारात होती. ग्रामीण विद्युतीकरणाच्या सरकारी खात्यातर्फे लुइझन मेमर नावाच्या बाई तंबू घेऊन खेडोपाडी फिरल्या आणि विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करून दाखवीत राहिल्या. पण शिकविणे निराळे आणि नियम ठरविणाऱ्या खोलीत बसणे निराळे.

आपल्याकडे वीज आली ती बरीचशी दिव्यांसाठी आणि गिरण्यांसाठी. मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 रोजी धावली. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून 1915 साली मुंबईला जलविद्युत मिळू लागली. चूल मात्र लाकूड, कोळसा, रॉकेल अशा वाटेने पुढे गॅसवर आली. शेगडीसाठी जाड स्वतंत्र तार आपल्या भिंतीत आलीच नाही. आपल्या वाट्याला आला तो जुन्या ब्रिटिश पद्धतीचा गोल पिनांचा प्लग, लहान आणि मोठा. लहान आज सहा अँपिअरचा, मोठा सोळाचा. जाड आणि लांब पिन अर्थची, ती सर्वांत आधी टेकते आणि सर्वांत शेवटी सुटते. शहाणपण त्या पिनेत होते. आम्ही काय केले?

माझ्या माहेरी वेटोळ्याची विजेची शेगडी होती. आई तिच्यावर दूध तापवी. पातेल्याला हात लागला की झिणझिण्या येत. उपाय म्हणून पायाखाली लाकडी पाट ठेवलेला असे. पुढे एकदा वडिलांनी प्लग उघडला, तर हिरवी तार आत दुमडून वर चिकटपट्टी गुंडाळलेली! ज्या वायरमनने ती जोडली तो म्हणाला होता, "या चाळीत अर्थिंग नाही, ही तार काय करायची?" आई बारा-चौदा वर्षे त्या पाटावर उभी राहिली. पाट ओला झाला असता तर हा लेख लिहायला मी राहिले असते, पण मला वाढवायला ती राहिली नसती.

आज घरोघरी इंडक्शनची शेगडी आली आहे. दोन हजार वॅटची शेगडी आपल्या 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेते. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटला ते ओझे झेपत नाही. तरीही जोडपिन लावून ती तिथे चालविणारी घरे मी पाहिली आहेत. अर्थच्या भोकात पेनचे टोपण किंवा काडी खुपसून दोन पिनांचा प्लग बसविणारी घरेही पाहिली आहेत. कॅरोलिन हॅस्लेट यांनी मुलांसाठी ठेवविलेली झडप आपण मोठी माणसे काडीने उघडतो!

दुसऱ्या दिवशी भाचीला मी हे सगळे सांगितले. तिने परवानाधारक वायरमन बोलावला, मेनपासून चार तारांची नवी लाइन टाकविली. खर्च शेगडीच्या किमतीच्या जवळपास गेला. यजमान जरा कुरकुरले. मी तिला एकच प्रश्न विचारायला सांगितला होता. अशा शेगडीच्या पाठीमागे, तारा जोडतात तिथे, न्यूट्रल आणि लोखंडी अंग यांना जोडणारी एक लहानशी धातूची पट्टी असते, तीन तारांच्या जुन्या रीतीसाठी. चार तारा लावल्या की ती काढावी लागते. नाहीतर रोजची परतीची वीज अर्थच्या तारेत आणि शेगडीच्या अंगात शिरते, आणि चौथ्या तारेचा खर्च निम्मा वाया जातो.

"पट्टी काढलीत का?" भाचीने विचारले. वायरमन झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळीत होता. तो क्षणभर थांबला, स्क्रू उलटा फिरविला, झाकण उघडले. पट्टी जागच्या जागी होती. त्याने ती काढली, तिच्या हातात ठेवली आणि आभार मानले.

भाचीने त्या पट्टीचे छायाचित्र मला पाठविले आहे. बोटभर लांबीचा पत्र्याचा तुकडा, पण तो बघून मला आईचा पाट आठवला.

भगिनींनो, वायरिंगचे काम आपण हातात घ्यावे असे माझे म्हणणे नाही. ते जाणत्या, परवाना असलेल्या माणसाचेच काम. पण आपल्या स्वयंपाकघरात कोणत्या सॉकेटमागे जाड तार आहे, घराला अर्थिंग आहे का, गळती होताच वीज तोडणारा स्विच मेनवर बसविला आहे का, हे विचारणे आपले काम आहे. मंडळाच्या येत्या वर्षात हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी एक फडके द्यावे, आणि त्यावर हे तीन प्रश्न छापून घ्यावेत, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे. फडक्यांच्या खर्चाला पहिली वर्गणी माझी.